दिलेली विधानं खरी धरून

३ जून

ती. आई,

तुम्हाला आई म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही, हे मी वकिलाला विचारलेलं नाही. तुमच्या मुलाला सोडल्याच्या कागदावर मी सही केली. तुम्हाला सोडल्याचा कागद कुणी माझ्यापुढे ठेवला नव्हता, म्हणून आई.

पत्र शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर टाकते आहे. तुमचे चिरंजीव, म्हणजे आपले साहेब, रोज संध्याकाळी तुमचा फोन चाळतात हे मला तिनेच कळवलं. कागद चाळायची अक्कल अजून आलेली दिसत नाही.

मुद्द्याचं सांगते. साहेब ज्या औषधांच्या गोदामात इतकी वर्षं खुर्ची उबवतायत, तिथे वाहतूक विभागप्रमुखाची जागा निघाली आहे. जाहिरात सगळ्यांना खुली आहे. अनुभव हवा, तो मला आहे. इथल्या पार्सल कार्यालयात कुठली गाडी कुठे लावायची ते मीच ठरवते. पण आधी लेखी परीक्षा आहे, तर्काची आणि भाषेची. विधानं, निष्कर्ष, गृहीतकं, नाती, कोण कुणाच्या शेजारी बसलंय. हे सगळं तुमचं दुकान, साप्ताहिकातलं कोड्यांचं सदर आणि घरची शिकवणी.

मला ती जागा हवी आहे. खरं तर जागेपेक्षा मला तो हवाय, माझ्या टेबलापुढे फाईल घेऊन उभा, 'मॅडम, सही' म्हणताना. मी बँकेची परीक्षा द्यायला निघाले होते त्या सकाळी बाहेरून कडी घालून तो कामावर गेला. तुम्ही बहिणीकडे होतात. मी खिडकीतून ओरडत राहिले आणि शिंपीणबाईंच्या मशिनच्या घरघरीत माझा आवाज विरून गेला. घरी आल्यावर म्हणाला, "विसरलो." वर म्हणाला, "बरं झालं की. तुला डोकं कुठे आहे, उगाच हसं झालं असतं."

मला त्याचं उट्टं काढायचंय. शिकवाल? तुमच्याच पोटच्या गोळ्याविरुद्ध आहे, हे मी विसरलेले नाही. नाही म्हणालात तर राग धरणार नाही. (हे खोटं आहे. धरेन.)

तुमची,
कागदोपत्री कुणीच नसलेली सून


११ जून

लवंगीस,

तुझं पत्र शिंपीणबाईने उसवलेल्या पडद्यात गुंडाळून आणलं आणि मोठ्याने म्हणाली, "काकू, शिवण बघून घ्या." बाई नाटकात हवी होती.

शिकवते. का, ते विचारू नकोस. कारण न विचारता दिलेलं विधान खरं धरायचं, हाच पहिला धडा आहे.

सोबत वीस प्रश्न पाठवते. सोडव आणि परत पाठव. मी लाल शाईने तपासणार. माझ्या लाल शाईला मुलं रडायची, त्यांच्या आया भांडायला यायच्या, आणि पुढे तीच मुलं पेढे घेऊन यायची. तू रडलीस तरी चालेल, पण कागदावर नको, शाई पसरते.

एक नियम भिंतीवर लिहून ठेव. जेवढं लिहिलंय तेवढंच. जगात काय चालतं, तुझ्यावर काय बेतलं, शेजारीण काय म्हणाली, हे सगळं चपलांबरोबर दाराबाहेर. पेपरात फक्त पेपरातलं खरं.

आई


२६ जून

ती. आई,

काय हे! माझा कागद होता की कुणाचा खून झाला होता? वीसपैकी अकरा चूक? चौथ्या प्रश्नावर मी भांडणार.

तुम्ही विचारलंत: सगळे हमाल चहा पितात. चहा पिणारे काही जण गातात. तर 'काही हमाल गातात' असा निष्कर्ष निघतो का? मी लिहिलं, निघतो. आमचे हमाल चहाही पितात आणि गातातही, आणि इतके बेसूर गातात की गिऱ्हाईक लवकर जातं. डोळ्यांनी बघितलेलं चूक कसं?

आणि नववा प्रश्न तुम्ही मुद्दाम घातलात. 'सगळे नवरे शहाणे असतात. हा नवरा आहे.' म्हणून हा शहाणा, असा निष्कर्ष निघतो म्हणे! माझा हात 'निघतो'वर जाईना. माझ्या हाताला तेवढा स्वाभिमान आहे.

पार्सल कार्यालयात सगळ्यांना वाटतं मी जेवणाच्या सुट्टीत शब्दकोडी सोडवते. साहेबांचं नाव घेतलं नाही तरी प्रत्येक प्रश्नात तेच दिसतात. त्याने पेन जोरात चालतं.

सून


४ जुलै

लवंगीस,

तुझे हमाल गात असतील. माझ्या वाक्यातले गातात असं कुठे लिहिलंय? गाणारे चहाबाज सगळे शिंपी असू शकतात. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात करायची, पेपरात करायची नाही.

नववा मी मुद्दामच घातला. विधान धादांत खोटं आहे, मलाही ठाऊक आहे, मी त्याला जन्म दिलाय. पण विधान खोटं असलं तरी निष्कर्ष निघतो. तुझा हात रागाने थांबला. पेन जोरात चालतं म्हणतेस, पण चुकीच्या चौकटीत चालतं. ज्याला हरवायचंय त्याला पेपर लिहिताना मनात बसवू नये. तो तिथेही तुझी वेळ खाईल.

आता हा एक सोडव. एका पुरुषाच्या फोटोकडे बोट दाखवून एक बाई म्हणाली, "याच्या आईच्या एकुलत्या एका मुलाने मला बाहेर काढलं." बाई त्या पुरुषाची कोण?

आई


१९ जुलै

ती. आई,

या वेळी वीसपैकी चारच लाल. शिंपीणबाईंना माझ्याकडून एक रीळ घेऊन द्या.

फोटोचा प्रश्न मी चुटकीसरशी सोडवला. त्याच्या आईचा एकुलता एक मुलगा म्हणजे तो स्वतःच. त्यानेच बाहेर काढलं, म्हणून बाई त्याची बायको. तुम्ही त्यावर लाल फुली मारून लिहिलंत, 'सांगता येत नाही'. मी दोन दिवस त्या फुलीकडे बघत होते. मग डोक्यात प्रकाश पडला. बाहेर काढलेली बाई बायकोच असते असं कुठे लिहिलंय?

आई, तुम्हाला कुठून बाहेर काढलं त्याने? तुम्ही त्याच घरात राहता ना? का शिकवता ते विचारायचं नाही म्हणालात. तरी विचारते. जेवढं लिहिलंय तेवढ्यावर माझं भागत नाही.

सून


३० जुलै

लवंगीस,

विचारलंसच, तर ऐक.

तू गेलीस आणि घरात स्वयंपाकाला माणूस राहिलं नाही. मी सकाळी प्रश्न काढायची, दुपारी मुलं यायची. साहेबांना गरम पोळी मिळेना. मला काही बोलला नाही. त्याने साप्ताहिकाच्या संपादकांना परस्पर फोन केला, "आईला हल्ली विसर पडतो, तिचं डोकं चालत नाही, आता काही मागू नका." मुलांच्या घरीही तेच कळवलं. पुढच्या आठवड्यात मुलं आली नाहीत. मी वाट बघत बसले, खडू हातात घेऊन. मग संपादकांचं पत्र आलं, इतक्या मायेने लिहिलेलं, की तब्येत जपा, विश्रांती घ्या. भाजीवाला माझ्याशी मोठ्याने आणि हळूहळू बोलायला लागला. वेड्याशी बोलतात तसं.

माझी खोली आता त्याची अभ्यासाची खोली आहे. मी ओट्यापलीकडे, डब्यांच्या खोलीत झोपते. फळा दाराच्या मागे उलटा करून ठेवलाय, त्याच्यावर तो पँटी टांगतो.

ज्या शब्दाने त्याने तुला घराबाहेर काढलं, त्याच शब्दाने मला माझ्या आयुष्याबाहेर काढलं. बिनडोक. आता कळलं, मी तुला का शिकवते ते?

आणखी एक बातमी आहे. त्यालाही तीच परीक्षा द्यायची आहे. त्याला वाटत होतं जागा आपसूक मिळेल, पण वरच्यांनी सांगितलं, जुना असो की नवा, पेपर सगळ्यांना. काल जेवण झाल्यावर पुस्तक घेऊन डब्यांच्या खोलीत आला. म्हणाला, "आई, तू पूर्वी हे करायचीस ना? जरा बघत जा माझं."

आई


६ ऑगस्ट

ती. आई,

पत्र वाचून संताप आलाय, आणि एका बाजूला मला नाचावंसं वाटतंय. आई, देवाने ताट वाढून पुढे ठेवलंय! तो स्वतःच्या पायांनी तुमच्याकडे आला!

त्याला चुकीचं शिकवा. उलटं शिकवा. जिथे निष्कर्ष निघतो तिथे निघत नाही म्हणा. नाती उलटी सांगा, काकाला मामा करा, डाव्याला उजवं करा. त्याला काय कळणार आहे? त्याने कडी घातली होती, तुम्ही नुसती एक कडी घाला, तीही कागदावर. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तर म्हणू देत लोकांना.

तुमचं 'हो' येईपर्यंत मला घास गोड लागणार नाही.

सून


१५ ऑगस्ट

लवंगीस,

नाही.

माझ्या हातून आजवर एकही चुकीचं उत्तर छापलं गेलेलं नाही, आणि चुकीचं मी कुणाला शिकवलेलं नाही. शत्रूलाही शिकवणार नाही. माझ्याकडे तेवढंच उरलंय, ते त्याच्यासाठी खर्च करू?

सोबत चाळीस प्रश्न पाठवते. मागच्या खेपेला गृहीतकांत पुन्हा घाई केलीस. घड्याळ लावून सोडव.

आई


२२ सप्टेंबर

आई,

परवा परीक्षा झाली. कशी झाली ते तुम्हाला सांगायची इच्छा नाही, पण बरी झाली.

फाटकापाशी साहेब भेटले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मला बघून आधी दचकला, मग हसला. "तू? तुला कुणी बसू दिलं?" मग तो शेजारच्या कारकुनाला, मला ऐकू जाईल असं म्हणाला, "आपली तयारी पक्की आहे. आई रोज तपासते. दीड महिन्यात एक चूक काढू शकली नाही."

आई, एक चूक नाही? माझा कागद दर वेळी रक्तबंबाळ. मला लिहिता 'घाई केलीस', 'वाच नीट', 'पुन्हा तेच'. आणि त्याला रोज मांडीवर घेतल्यासारखं शेजारी बसवून तयार केलंत. मला टपालाने शिळे तुकडे, त्याला समोर बसून ताजं. तो इतका हुशार झाला की त्याच्यात चूक सापडेना!

तुम्ही शेवटी आईच, पण त्याची. मीच मूर्ख. तुमची ती हकिगत वाचून मला वाटलं आपण दोघी एका बाकावर बसलोय. आतड्याला पीळ पडला की बाक बदलतो, हे मी गृहीत धरायला हवं होतं. गृहीतकांत मी घाई करतेच, नाही का?

यापुढे शिंपीणबाईंना त्रास देणार नाही.


३१ ऑक्टोबर

ती. आई,

लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहिते आहे. तुम्ही त्या पत्राला उत्तर दिलं नाहीत, आणि मला माझ्याच शब्दांचा ठसका लागत राहिला.

निकाल लागला. मला बोलावणं आलं, मुलाखत झाली, आणि काल नेमणुकीचं पत्र हातात पडलं. वाहतूक विभागप्रमुख, त्याच गोदामात. एक डिसेंबरला रुजू व्हायचंय.

मुलाखतीला ज्यांना बोलावलं त्यांत साहेब नव्हते. बाहेरच्या शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "ते? लेखीतच गचकले की. सगळ्यांत शेवटून पहिले. पेपर सगळ्यांत आधी टाकून बाहेर आले होते, म्हणाले, सोपा होता."

आई, मी पत्र हातात घेऊन पायरीवर बसले. आनंद व्हायला हवा होता, तो झालाच, पोटभर झाला. पण मग हिशेब जुळेना. दीड महिना रोज तुमच्याकडे बसून, एकही चूक न करणारा माणूस शेवटून पहिला कसा? दोन्ही विधानं खरी धरली तर काही निष्कर्ष निघत नाही. तुम्ही चुकीचं शिकवत नाही म्हणालात. मी तेवढंच धरून बसले.

काय केलंत तुम्ही?

तुमची लवंगी


८ नोव्हेंबर

लवंगीस,

तुझी दोन्ही विधानं खरी आहेत. एक तिसरं तुला दिलेलं नव्हतं.

पहिल्या रात्री तो पुस्तक घेऊन बसला, तेव्हा मी तपासायला तीच लाल शाई घेतली होती, तुझ्यासाठी वापरते ती. पहिलाच प्रश्न गृहीतकाचा होता. कार्यालयाने पाटी लावली, 'उशिरा येणाऱ्यांनी कारण लिहावं.' यात काय गृहीत धरलंय? त्याने खूण केली, 'धाकाशिवाय माणसं सुधारत नाहीत.' मी म्हटलं, "बाळा, हे पाटीत नाही, तुझ्या मनात आहे. पाटीने इतकंच धरलंय की कुणी ना कुणी उशिरा येऊ शकतं." मी फुली मारली. त्याने माझ्या हातातून पेन घेतलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "आई, तुला आता नाही कळत. तुझं डोकं चालत नाही." मी पुस्तकाची मागची पानं उघडून दाखवली तर तिथेही माझंच उत्तर होतं. म्हणाला, "छापणाऱ्याने घोळ घातलाय."

ठीक. मी एकदा बरोबर सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला मी त्याच्याकडे पगारी नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो खुणा करायचा, मोठ्याने वाचायचा आणि माझ्याकडे बघायचा. त्याला शिकायचं नव्हतंच. ज्याला शिकायचं असतं तो तुझ्यासारखा भांडतो. त्याला शाबासकी हवी होती. लहानपणापासून मी एका वाक्यात द्यायची तीच. तेव्हा मायेने द्यायची. या वेळी पूर्ण शुद्धीवर, एक एक प्रश्न मनात सोडवून, उत्तर चूक आहे याची खात्री करून दिली. म्हणून त्याचा कागद कोरा करकरीत आणि तुझा रक्तबंबाळ. कुणाचा कागद मी मांडीवर घेऊन बसले होते, ते आता तूच ठरव.

मला काही वाटलं नाही असं समजू नकोस. परीक्षेच्या सकाळी तो पाया पडला. इस्त्रीचा शर्ट, मान खाली. माझ्या ओठावर आलं होतं, की बाळा, थांब, जेवढं लिहिलंय तेवढंच वाच. मग दारामागे लटकलेल्या पँटींतून फळ्याचा कोपरा दिसला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि "जा" म्हटलं. दिवसभर चहासुद्धा घेतला नाही. रात्री भूक लागली. जेवले.

तुझं ते पत्र मी उशाशी ठेवलं होतं. उत्तर दिलं नाही, कारण निकालाआधी सांगितलं असतं तर तू आनंदाने चार जणांना सांगितलं असतंस. आणि एक कारण असं, की शिव्या चांगल्या दिल्या होत्यास. त्यात फक्त निष्कर्षाची घाई होती.

तू म्हणशील, आता माझ्याकडे राहायला या. येईन, पण इतक्यात नाही. मला आधी काही दिवस त्याला रोज सकाळी डबा घेऊन तुझ्या कार्यालयात जाताना बघायचंय. तो डबा मी भरेन, अगदी मन लावून.

सोबत लाल पेन पाठवते. त्याच्या फाईली आता तुझ्या टेबलावर येतील. माझ्यासारखी हो ला हो करू नकोस. चूक दिसली की फुली मार, मोठी मार, कारण लिही, आणि त्याला पुन्हा करायला लाव. माझ्याकडून त्याचं शिकायचं राहून गेलं, ते तुझ्याकडे होऊ दे. त्याला याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही, आणि याहून मोठं भलंही.

निकालाच्या दिवशी तो घरी आला तेव्हा मी भाजी चिरत होते. चपला न काढता डब्यांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. चेहरा पडलेला होता, पण ताठा शाबूत होता. म्हणाला, "आई, पेपरच चुकीचा काढला होता गं."

मी सुरी खाली ठेवली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "तुझंच बरोबर, बाळा."

आई